केमो लागण्याआधीचे दहा दिवस

या महिन्याची पाच पत्रं विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या कॅन्सरबद्दल आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून ती इथे थोडक्यात दिली आहेत. उत्तरं कॅन्सर विभागात रोज काम करणारे डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न १. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. भरतीसाठी रोज पहाटे पळायला जायचा. मानेला डाव्या बाजूला गाठ आली, दुखत नव्हती. सुई घालून तपासलं, टीबी समजून दोन महिने गोळ्या दिल्या. गाठ वाढतच गेली, सात किलो वजन उतरलं, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम. आता गाठ काढून तपासली तर ‘क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा’ निघाला. सोमवारी केमो लावू म्हणतात. घरात कुणी म्हणतं आजच लावा, कुणी म्हणतं मुंबईला न्या. काय करावं? — खानापूर तालुका

उत्तर : आधी एक गोष्ट भावाला स्वतःच्या तोंडाने सांगा. तरुण वयात होणाऱ्या कॅन्सरांमध्ये पूर्ण बरा होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेल्या आजारांपैकी हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर एक आहे. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडला आणि उपचार पुरे केले, तर दहापैकी नऊच्या आसपास रुग्ण बरे होतात. चौथा टप्पा निघाला तरी उपचार बरं करण्यासाठीच असतात, नुसते दिवस काढण्यासाठी नसतात.

केमो या सोमवारी लागली काय किंवा पुढच्या सोमवारी लागली काय, या आजारात बहुतेक वेळा फरक पडत नाही. आडवं झोपल्यावर दम लागत असेल, चेहरा सुजत असेल, गळ्याच्या शिरा फुगत असतील, तर मात्र छातीतली गाठ मोठ्या शिरेवर दाबत असते. मग एक दिवससुद्धा थांबू नका. (ज्यांच्या घरी रक्ताचा कॅन्सर, म्हणजे अक्यूट ल्युकेमिया निघाला आहे, त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये. तिथे दहा दिवस हातात नसतात.) पण असं काही नसेल, तर हे आठ-दहा दिवस नुसते काळजीत घालवू नका. यात चार कामं अशी आहेत की ती केमोच्या आधीच होतात, मागाहून नाही.

पहिलं काम निदान पक्कं करण्याचं. टीबीचं औषध दिलं म्हणून कुणावर राग धरू नका. आपल्याकडे टीबी खूप, आणि ताप, घाम, वजन उतरणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. त्यात हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी फार थोड्या असतात, कित्येकदा शंभरात एखादीच. बाकी सगळी सूज आलेल्या साध्या पेशींची गर्दी. सुईत नेमकी ती गर्दी येते. म्हणून हॉजकिनची शंका असली की गाठ अख्खी काढून तपासावी लागते आणि तिच्यावर ‘इम्युनो’ म्हणजे आयएचसी चाचणी करावी लागते. तुमच्या रिपोर्टात सीडी ३० आणि सीडी १५ यांचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर विचारा.

ज्या वाचकांकडे गाठ अजून काढायची आहे, त्यांच्यासाठी इथे एक सूचना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना विचारा, ‘गाठीचे दोन भाग करून पाठवणार ना?’ मोठा भाग फॉर्मॅलिनमध्ये कॅन्सरच्या तपासणीसाठी, आणि एक छोटा तुकडा साध्या सलाइनमध्ये टीबीच्या जीन एक्स्पर्ट चाचणीसाठी आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी. सगळीच गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेली की टीबीचं कल्चर होत नाही, कारण जंतू त्यात मरतात. गडबडीत ही चूक सर्रास होते, आणि मग पोराच्या मानेला दुसऱ्यांदा चिरा द्यावा लागतो. आणखी एक : गाठ काढण्याआधी ‘सूज उतरेल’ म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नका. लिम्फोमाची गाठ त्याने तात्पुरती बसते आणि तपासणीत काहीच धड दिसत नाही.

दुसरं काम, पॅथॉलॉजीतून मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि काचेच्या स्लाइड लेखी मागून घेणं. नुसता कागदाचा रिपोर्ट पुढच्या दवाखान्यात पुरत नाही. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

तिसरं काम तपासण्यांचं. पेट-सीटी (साखरेसारखं औषध टोचून आजार कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) केमोच्या आधीच व्हायला हवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? त्यासाठी सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी पळणं, जोर-बैठका पूर्ण बंद. तुमचा भाऊ ऐकणार नाही म्हणून कारणही सांगतो. दमलेले स्नायू साखर ओढून घेतात आणि चित्रात गाठीसारखे उजळ दिसतात. याशिवाय हृदयाचा टूडी एको, फुप्फुसांची फुंकून करायची चाचणी, आणि रक्तात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी.

चौथ्या कामाबद्दल घरात कुणी बोलत नाही. ते म्हणजे वीर्य साठवून ठेवणं. हॉजकिनच्या नेहमीच्या औषधांनी मूल होण्याची क्षमता बहुतेकांची परत येते. पण आजार उलटला आणि जास्त कडक औषधं किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागलं, तर बहुधा येत नाही, आणि तेव्हा मागे जाता येत नाही. कृती सोपी आहे. दोन-तीन दिवसांचा संयम, मग वंध्यत्व केंद्रात जाऊन नमुना द्यायचा. एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन नमुने. ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राहतात आणि वर्षाला भाडं भरावं लागतं. हॉजकिनच्या मुलांचे नमुने उपचाराआधीही कमजोर निघतात. म्हणून केंद्रवाल्याने ‘काउंट कमी आहे’ म्हटलं तरी ठेवायला सांगा, आजच्या तंत्रात थोडे शुक्राणूही पुरतात. एकदा केमो लागली की मग देऊ नका, कारण शुक्राणूंत औषधाने दोष आलेले असू शकतात. आणि हे त्याच्याशी बोलायचं ते एकट्याशी. वडील, काका शेजारी बसले असले की २२ वर्षांचा मुलगा ‘नको’ एवढंच म्हणतो. डॉक्टरांना सांगा, पाच मिनिटं आम्ही बाहेर थांबतो.

आता मुंबई. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि तिथलं मत जरूर घ्यावं. पण मत घेणं वेगळं आणि उपचार तिथेच घेणं वेगळं. हॉजकिनला बहुतेक ठिकाणी एबीव्हीडी नावाचीच औषधं देतात : दर १४ दिवसांनी एक डोस, टप्प्याप्रमाणे सहा सायकलपर्यंत म्हणजे १२ डोस, साधारण सहा महिने. औषध बेळगावात तेच, हुबळीत तेच, मिरजेत, कोल्हापुरातही तेच. दर पंधरवड्याला खानापूरहून मुंबई आणि परत, तेही प्रतिकारशक्ती उतरलेली असताना, यात पोराची दमछाक होते, आणि एखादी फेरी चुकली की डोस पुढे जातो. डोस वेळेवर पडणं हेच या उपचारातलं मर्म आहे. म्हणून आमचं मत असं की स्लाइड-ब्लॉक आणि पेट-सीटी घेऊन एकाने मुंबईला जाऊन मत घ्यावं, किंवा ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेवर कागद पाठवून घ्यावं, आणि केमो जवळ, लिम्फोमा नेहमी हाताळणाऱ्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टकडे लावावी.

केमोच्या दिवशी काय दिसतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे घाबरायला नको. एबीव्हीडीतलं डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. ते चालू असताना सुईपाशी जरा जरी चुरचुरलं तरी तिथल्या तिथे नर्सला हाक मारायची. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. सहन करून दाखवण्यात काही मर्दुमकी नाही. डाकार्बाझिनच्या पिशवीला उजेड चालत नाही म्हणून ती झाकलेली असते. तिने शीर दुखते, वेग कमी केला की थांबते. ब्लिओमायसिन फुप्फुसाला त्रास देऊ शकतं. कोरडा खोकला सुरू झाला, जिना चढताना पूर्वी न लागणारा दम लागला, तर पुढच्या डोसच्या आधी सांगा, नंतर नाही. दोन सायकलनंतर, म्हणजे चार डोसांनंतर, पुन्हा पेट-सीटी होतो. तो स्वच्छ आला तर ब्लिओमायसिन बऱ्याचदा पुढच्या डोसांतून काढून टाकतात. ते काढायचं का, हे तुम्ही विचारायलाच हवं.

शेवटी मिळणारं समरी कार्ड आयुष्यभर जपा. डॉक्सोरुबिसिन एका डोसाला दर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, १२ डोसांचे ३००. हृदयाची आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० ते ५५० मानतात. पुढे कधी लागलं तर शिल्लक किती, हे त्या कार्डावरूनच कळतं. आणि दहा वर्षांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तरी भूल देणाऱ्याला ‘ब्लिओमायसिन घेतलं आहे’ हे सांगायचं. त्यावरून तो ऑक्सिजनचं प्रमाण ठरवतो.

प्रश्न २. मुलगी २० वर्षांची, बी.कॉमला आहे. मांडीचं हाड दुखतं म्हणून दाखवलं, तर ‘इविंग सार्कोमा’ म्हणाले. तिला बाहेर बसवून आम्हाला सांगितलं. तिला आम्ही ‘हाडाला सूज आहे’ एवढंच सांगितलंय, डॉक्टरांनाही तसंच सांगायची विनंती केलीय. कळलं तर ती खचेल. शिवाय लग्नाचं वय. बरोबर केलं ना? — आई, निपाणी

उत्तर : ताई, तुमची माया कळते, पण हे धकणार नाही. केमोच्या पिशवीवर औषधाचं नाव छापलेलं असतं. तिच्या हातात फोन आहे. सलाइन लटकत असताना ती ते नाव टाकेल आणि दोन मिनिटांत सगळं वाचेल, तेही एकटीने, आणि बहुधा सगळ्यात वाईट पान आधी उघडेल. वर तिला हेही कळेल की घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर तुमच्या ‘बरी होशील’ या शब्दावर तिचा भरवसा राहत नाही, आणि सात-आठ महिन्यांच्या उपचारात तो भरवसा औषधाइतकाच लागतो. दुसरं, ती १८ वर्षांवरची आहे. संमतीपत्रावर सही तिची लागते, आईवडिलांची नाही. तो कागद कन्नडात किंवा इंग्रजीत असेल आणि तिला नीट वाचता येत नसेल, तर मराठी जाणणाऱ्या नर्सकडून किंवा समाजसेवकाकडून ओळ न् ओळ समजावून घ्या आणि मग सही करू दे.

सांगायचं कसं? सकाळी, घरी, टीव्ही बंद करून. जास्तीत जास्त दोघांनी, ज्यांच्याशी ती मोकळी बोलते त्यांनी. मामा-मावश्यांचा गोतावळा नको. सुरुवात प्रश्नाने करा : ‘तुला काय वाटतंय, काय झालं असेल?’ निम्म्या मुली त्या क्षणी स्वतःच तो शब्द उच्चारतात. मग सरळ सांगा : ‘हाडात गाठ आहे, ती कॅन्सरची आहे. त्यावर उपचार आहेत. आधी केमो, मग ऑपरेशन किंवा शेक (रेडिएशन), मग परत केमो.’ एवढं बोलून थांबा. गप्प बसणं अवघड जातं, पण बसा. तिला रडू दे. ‘काही होत नाही गं’ म्हणू नका, कारण होतंय हे तिला दिसतंय. ‘मी मरणार का?’ असं विचारलं तर खोटं वचन देऊ नका. ‘बरं करायच्या हिशेबानेच डॉक्टर उपचार देतायत, आणि प्रत्येक तपासणीत काय निघालं ते तुला आधी सांगू’ हे म्हणा, आणि तसंच वागा. पुढच्या भेटीला तिला आत न्या, प्रश्नांची वही तिच्या हातात द्या.

लवकर सांगायचं आणखी एक कारण आहे. इविंगच्या औषधांत अंडाशयांना इजा करणारी औषधं आहेत. स्त्रीबीजं गोठवून ठेवायची असतील तर १० ते १४ दिवस रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात. पाळीची वाट बघावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरू करता येतं. शेवटी थोडा वेळ भूल देऊन बीजं काढतात. एवढी सवड आहे का, ते कॅन्सरच्या डॉक्टरांनीच सांगायचं. इविंगमध्ये ती नेहमी असतेच असं नाही. सवड नसेल तर अंडाशय झोपवून ठेवणारं महिन्याचं इंजेक्शन विचारा. त्याचा उपयोग होऊ शकतो, पण गोठवण्याची बरोबरी त्याला नाही. हा निर्णय तिचा आहे, आणि ज्या मुलीला आजारच माहीत नाही ती तो घेणार कसा?

लग्नाचं आत्ता सोडा. मूल मात्र उपचार चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको, बरेच जण दोन वर्षं थांबायला सांगतात.

प्रश्न ३. आमचं बीपीएल कार्ड कर्नाटकाचं, गाव सीमाभागातलं, नातेवाईक कोल्हापूरला. कुठली योजना कुठे चालते? — बेळगाव तालुका

उत्तर : कर्नाटकातल्या दवाखान्यात ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएल असाल तर पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. घोळ होतो तो रेफरलवर. आधी सरकारी दवाखान्यात, म्हणजे तालुका हॉस्पिटल किंवा बेळगावच्या बिम्समध्ये दाखवून रेफरल घ्यायचं, मग नोंदणीकृत खासगी दवाखाना. लोक थेट खासगीत ॲडमिट होतात, पैसे भरतात आणि मग कार्ड काढतात. भरलेले पैसे सहसा परत येत नाहीत. दवाखान्यात शिरल्यावर पैशांच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधा. दुसरा घोळ नावाचा. रेशनकार्डावर कन्नडातून आलेलं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. मुलाचं नाव कार्डात घातलेलंच नसतं, हेही खूपदा होतं. ते दुरुस्त करायला लागणारे दिवस याच दहा दिवसांत बसवा. हुबळीच्या नवनगरातली कर्नाटक कॅन्सर संस्था आणि बेंगळूरचं किदवाई हेही पर्याय लक्षात असू द्या. साध्या सरकारी बसने राज्यात फिरताना बायकांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेमुळे आईला किंवा बहिणीला तिकीट पडत नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला. त्या ओढाताणीत रुग्ण अडकू नये. कोल्हापूर-मिरजेला निघण्याआधी तिथल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला फोन करून दोनच गोष्टी विचारा : आमचं गाव यादीत दिसतं का, आणि सोबत कोणते कागद आणू? ‘या, बघू’ असं उत्तर आलं तर त्या भरवशावर केमो ठरवू नका.

रेल्वेने जायचं तर उपचाराच्या प्रवासाला रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. दवाखान्याने रेल्वेच्या नमुन्यात भरून दिलेला दाखला लागतो.

प्रश्न ४. केमोबरोबर झाडाच्या सालीचा काढा चालेल का? सगळे म्हणतात, अपाय तर नाही. — हुक्केरी

उत्तर : अपाय आहे. केमोची कित्येक औषधं लिव्हरमधून निचरतात. काढ्याने लिव्हरवर ताण आला की रक्तात एसजीपीटी (लिव्हरचा त्रास दाखवणारा आकडा) चढतं आणि डोस पुढे ढकलावा लागतो. सालीत काय आहे, किती आहे, हे कुणी मोजलेलं नसतं. आधीच सुरू केला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, कधीपासून आणि किती ते सांगा. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

प्रश्न ५. पुतण्याला केमो चालू आहे. घर कणकुंबीच्या बाजूला, पावसात रस्त्याचा भरवसा नाही, दवाखाना लांब. घरात काय सांभाळावं? — काका

उत्तर : एकच आकडा पाठ करा : १००.४ फॅरनहाइट. काखेतला काचेचा थर्मामीटर नको, डिजिटल घ्या आणि जिभेखाली लावा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत १००.४ दिसला की निघायचं, रात्री दोन वाजता असो की गणपतीच्या दिवशी. अंग थंड पडून कापरं भरलं तर ताप नसला तरी निघायचं. पांढऱ्या पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, सूज दिसत नाही, पोरगा बसून बोलत असतो, आणि सकाळपर्यंत बीपी कोसळतं. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताप न मोजता पॅरासिटामॉल देणं. काही तास ताप झाकला जातो, आणि तेच तास हातचे जातात. आधी मोजा, आकडा आणि वेळ लिहा, मग डॉक्टरांना फोन. ब्रुफेन, डायक्लो घरातून काढूनच टाका, सपोझिटरी आणि एनिमाही नको.

खाण्यापिण्यात : पाणी खळखळ उकळून गार केलेलं, जेवण ताजं आणि गरम, सालीची फळं म्हणजे केळं, मोसंबं, संत्रं. उसाचा रस, बाहेरची चटणी, पाणीपुरी, कच्ची कोशिंबीर, शिळी भाकरी-कालवण नको. अंडं पूर्ण उकडलेलं. तोंड येऊ नये म्हणून लीटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. पाणी रोज नवं करा. ब्रश लहान मुलांचा, मऊ. शेणगोठ्याचं काम, ओल्या गवताच्या गंजी, धुळीची मळणी यांपासून त्याला लांब ठेवा.

पावसाळ्यापुरतं एक सोपं करता आलं तर बघा. प्रत्येक डोसानंतरचा सातवा ते चौदावा दिवस त्याला खानापुरात किंवा बेळगावात कुणा पाहुण्याकडे ठेवा. ते जमत नसेल तर गावातल्या दोन गाडीवाल्यांना आधीच सांगून ठेवा. १०८ ला फोन कराच, पण एकाच वाहनावर विसंबू नका. दाराजवळ पिशवी भरलेली असू द्या : फाइल, शेवटच्या रक्ततपासणीचा कागद, बीपीएल कार्ड, आधार, चार्जर, स्वेटर. पिशवीत वर एक चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, इंग्रजीत आणि कन्नडात, कारण रात्री ड्यूटीवर कोण असेल सांगता येत नाही : ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, ताप १००.४ च्या वर, पांढऱ्या पेशी कमी असण्याची शक्यता.’ ही चिठ्ठी आधी खिडकीवर द्या, म्हणजे रांगेत बसवत नाहीत. तारीख दर डोसाला बदला.